मी आलो गे!

श्रोतेहो, नमस्कार.

कागल मागं पडलं, कर्नाटकच्या सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडला, की आई वेगळंच बोलायला लागते, असं माझी धाकटी लेक म्हणते. खरं आहे तिचं. लग्न होऊन पुण्याला आले त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. तिथं 'मी आले, मी गेले' असं जिभेला वळण लागलं. पण आम्ही बेळगावच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणत वाढलो. निपाणीत मैत्रिणीच्या दारात गाडी थांबली आणि माझ्या तोंडून निघालं, "मी आलो गे!" लेक माझ्याकडं बघतच राहिली.

यंदा पाऊस ओसरता ओसरता आम्ही घरचे चौघं गाडीनं निघालो. पुणे, निपाणी, गोकाक, बेळगाव, खानापूर, मग चोर्ला घाट उतरून गोवा. आठ दिवसांचा बेत. गाडी भाड्यानं घेतली ती सात सीटची. चौघांना सात सीट कशाला, असं यजमानांनी विचारलं. मी म्हटलं, तीन माझ्या मैत्रिणींच्या.

त्या तिघींची नावं आमच्या घरात कुणी घेत नाही. एक निपाणीची, एक गोकाकची, एक खानापूरची. मुलींच्याही त्या निपाणीची मावशी, गोकाकची मावशी, खानापूरची मावशी. आम्ही चौघी बेळगावात एका मराठी शाळेत एका बाकावर. पण गेली अकरा वर्षं चौघी एकत्र अशा भेटलोच नव्हतो. 2021 साली खानापूरचीचे वडील गेले. कोरोनाचे दिवस, सीमेवर तपासणी. मी फोनवर रडण्यापलीकडं काही करू शकले नाही. त्याच जुलैत जायचं ठरवलं तर निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं. भरलेल्या बॅगा पुन्हा रिकाम्या केल्या. मला ते फार लागलं होतं. मैत्रिणीचा बाप जातो, ज्या बापानं आपल्यालाही शेंगा भाजून खायला घातल्या, आणि आपण जात नाही.

निपाणीला आम्ही फार थांबलो नाही. चहा झाला, तंबाखूच्या वखारींवरून जाताना तो ओळखीचा उग्र वास आला आणि पिशवी घेऊन निपाणीची गाडीत बसली. तवंदी घाट उतरेपर्यंत आमचं दोघींचं बोलणं थांबलं नाही. पुढं संकेश्वरला महामार्ग सोडून गोकाकची वाट धरली.

गोकाकचीचं सासर कानडी. तिच्या सासूबाईंनी दारातच "बर्री, बर्री" म्हणत आमच्या पायांवर पाणी घातलं. जेवायला ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, वर लोण्याचा गोळा. माझी थोरली लेक "पुरे, पुरे" म्हणत होती. आजींना शब्द कळला असेल, पण ऐकायचं कुणाला होतं? त्या "ऊटा माड्री" म्हणत वाढतच होत्या. आणि माझी मैत्रीण! एक वाक्य सासूशी कानडीत, दुसरं आमच्याशी मराठीत; भाकऱ्या मोजल्या त्या कानडीत. पूर्वी ती वर्गात कानडीच्या तासाला रडायची. आता सासू-सून एका ताटात जेवतात. हे मला माझ्या मुलींना दाखवायचं होतं. वर्तमानपत्रात सीमाभाग म्हणून जे येतं, त्यात हे स्वयंपाकघर येत नाही.

दुपारी धबधब्यावर गेलो. घटप्रभा तिथं 52 मीटर खाली कोसळते. पाणी तांबूस, मातकट, आणि आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. शाळेच्या सहलीत तिथल्या झुलत्या पुलावर चौघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. या खेपेला तिघी नुसत्या उभ्या राहिलो. चौथी अजून यायची होती.

बेळगावात शिरल्यावर यजमानांना म्हटलं, आधी टिळकवाडीत चला, दुसऱ्या रेल्वे गेटाला. तिथं बघण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. श्रोतेहो, खानापूरची रोज रेल्वेनं शाळेला यायची. तेव्हा मीटर गेजची लहान गाडी होती. तिची गाडी यायची म्हणून फाटक पडायचं, आणि फाटकाशी आम्ही तिघी सायकली धरून उभ्या. डब्याच्या दारातून एक हात, त्या हातात डब्याची कापडी पिशवी, जोरजोरात हलायची. आम्हीही हात हलवायचो. मग तिघी काँग्रेस विहिरीपाशी, म्हणजे 1924 च्या अधिवेशनासाठी, गांधीजी अध्यक्ष होते त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या विहिरीपाशी थांबायचो. ती स्टेशनवर उतरून धापा टाकत यायची, की चौघी मिळून शाळेत. मुलींना हे सांगत होते तोवर खरंच फाटक पडलं. गाडी धडधडत गेली. आम्ही तिघींनी हात हलवले. डब्यातल्या कुण्या अनोळखी लहान मुलानंही हात हलवला.

खानापूरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ती ओसरीवरच उभी होती. बाबांची खुर्ची तिथंच, खानापुरी कौलांच्या पागोळीपासून जरा आत सरकवलेली. मी त्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला. लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं. "उशीर झाला गे मला," एवढंच म्हणू शकले. ती म्हणाली, "आलीस न्हवं? बस." आणि आत जाऊन भाजलेल्या शेंगा सुपात घेऊन आली. रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही चौघी त्या सुपाभोवती बसलो होतो. काय बोललो ते इथं सांगत नाही, ते आमचं आहे.

दुसऱ्या दिवशी सातही सीट भरल्या. जांबोटीचं रान ओलंचिंब, काचेवर धुकं. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी चौघींनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. पुढं आम्हाला घाट उतरायचा होता, त्यांना माघारी फिरायचं होतं. एसटी आली, तिघी चढल्या. बस वळणाआड जाईपर्यंत खिडकीतून तो हात हलत होता, तसाच, जोरजोरात.

गाडीत बसलो तर मागच्या सीटवर करदंटाचा, म्हणजे गोकाकच्या त्या डिंक-सुकामेव्याच्या मिठाईचा डबा आणि गोकाकचीची छत्री. डबा आमच्यासाठी होता, छत्री विसरली होती. लगेच फोन लावला. म्हटलं, पाठवून देऊ का? तर म्हणाली, "नको गे, राहू दे. दिवाळी झाली की पुण्याला न्यायला येतो."

छत्री आमच्या दाराशी खुंटीला टांगून ठेवली आहे. नमस्कार.