स्टील वूल, साग आणि पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज स्टील वूलबद्दल बोलणार आहे. ओट्यावरची चकचकीत, वेटोळ्यांची तारेची घासणी आपल्याला ठाऊक आहे. ती स्टेनलेस स्टीलच्या चपट्या पट्टीची असते, तिच्याबद्दल आज बोलायचं नाही. स्टील वूल म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात कापसाच्या लडीसारखं मिळतं ते, करड्या रंगाचं, हाताला मऊ लागणारं. पॉलिशवाले आणि रंगारी ते वापरतात.

करायची रीत अशी. कमी कार्बनच्या मऊ पोलादाची तार ओढत ओढत दातेरी पात्यांखालून नेतात. पातं तारेला खरवडतं आणि लांबच लांब बारीक तंतू निघत जातात. एकामागून एक पाती लागतात, तार झिजत जाते, तंतू साठत जातात. खरवडून निघाल्यामुळे या तंतूंना धारदार कडा असतात. हाताला मऊ लागलं तरी लाकडावर ते कापतं. मी त्याची गणना हत्यारातच करते.

जाडी नंबरावर ठरते. चार नंबर सगळ्यात भरड. मग तीन, दोन, एक, शून्य, आणि पुढे दोन शून्य, तीन शून्य, चार शून्य. जितकी शून्यं जास्त, तितकं बारीक. पुन्हा सांगते, चार नंबर आणि चार शून्य ही दोन टोकं आहेत. चार नंबर जुना रंग, गंज खरवडायला. चार शून्य पॉलिशवर शेवटचा हात फिरवायला. दुकानात मागताना नीट सांगा.

आता आमच्या आत्याच्या झोपाळ्याची गोष्ट.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आत्याचं जुनं घर. मधल्या खोलीत सागवानी झोपाळा, पितळी कड्या, पाटाच्या कडेला वेलबुट्टी कोरलेली. आतेभावाची मुंज ठरली, म्हणून झोपाळा पॉलिशला दिला. आलेला माणूस घाईत होता. त्यानं जुनं पॉलिश काढलं, उघड्या लाकडावर स्टील वूल घासलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि वरून पाण्यात कालवलेलं पॉलिश फासलं. मुंजीला झोपाळा छान दिसला. पाऊस सुरू झाला आणि पाटावर बारीक काळे ठिपके उमटायला लागले. वेलबुट्टीच्या खाचांत तर काळ्या रेघाच. आत्याला वाटलं वाळवी. शेजारच्या काकू म्हणाल्या बुरशी. रॉकेल लावून झालं, लिंबू लावून झालं.

शेवटी एक म्हातारे पॉलिशमिस्त्री आले. ते बसले नाहीत की चहा घेतला नाही. खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, मलमलच्या फडक्यात गुंडाळलं आणि वेलबुट्टीच्या खाचांवरून सावकाश फिरवलं. मग फडकं उजेडात आत्यापुढे धरलं. त्यावर करड्या केसांची लव उभी राहिली होती.

“बेन, ही वाळवी नाही. हे लोखंड आहे.”

“मिस्त्रीकाका, सागावर लोखंड कुठून आलं?”

“घासणाऱ्यानं सोडलं. वर पाणी घातलं. सागाला लोखंड आणि पाणी एकदम दाखवायचं नसतं.”

सागात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ओलाव्यात लोखंड टॅनिनला भेटलं की काळं संयुग तयार होतं. आवळा लोखंडी विळीवर चिरला की काळा पडतो, तो याच कारणानं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची काळी शाई व्हायची, तीही याच कारणानं. म्हणजे झोपाळ्यावर तुटक्या तंतूंनी शाईच केली होती. लक्षात ठेवा: लोखंड, पाणी आणि साग, तिन्ही एकत्र येऊ द्यायचे नाहीत.

मिस्त्रीकाकांनी पॉलिश उतरवलं, चुंबक पुन्हा फिरवलं, ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं डाग काढले. ते विषारी असतं, म्हणून हातमोजे घातले आणि मुलांना माडीवर पिटाळलं. मग पाट धुतला आणि सावलीत वाळू दिला. आत्या रोज विचारायची, “झालं का?” ते पाटावर तळवा ठेवायचे आणि मान हलवायचे. पुरता वाळल्यावर पॉलिशकागद मारला, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात दिले, एकावर एक, पातळ. आणि सगळ्यात शेवटी पिशवीतून काय काढलं? स्टील वूल! चार शून्य. आत्या ओरडलीच. ते म्हणाले, “आता लाकूड झाकलंय, बेन. आता हे लाखेला शिवेल, सागाला नाही.” मेणात बुडवून, रेषेच्या दिशेनं, अगदी हलक्या हातानं त्यांनी ते फिरवलं. पाटाची काचेरी चमक गेली आणि आतून उजेड यावा तशी झळाळी आली.

आपल्या जवळच्या संखेड्याचे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, लाखकामावर केवड्याचं पान आणि अकीकाचा दगड फिरवतात. हे हात मला फार मोठे वाटतात. आणि एक बोलतेच. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यातल्या घरांत शिरलं, त्यानंतर रस्त्यांवर भिजलेल्या सामानाचे ढीग लागले होते. त्यातलं सागवान पाहून जीव तुटत होता. साग पाण्यानं इतक्या लवकर मरत नाही. सावलीत, हवेवर वाळू द्या, मिस्त्रीला दाखवा, मग ठरवा.

थोडं वापराचं. नव्या स्टील वूलला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. पॉलिशआधी वापरायचं तर स्पिरिटनं धुऊन वाळवून घ्या. स्टेनलेसच्या सिंकवर ते घासू नका, मागे राहिलेले तंतू गंजतात आणि सिंकच गंजला असं वाटतं. खिडकीच्या काचेवरचे रंगाचे शिंतोडे मात्र चार शून्यानं छान निघतात, काच ओली करून.

आणि हे पेटतं. चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं त्याला लागली तर तंतू लाल होऊन पेट घेतात. म्हणून बॅटऱ्यांच्या खणात ते ठेवू नका, स्पिरिटच्या बाटलीजवळ तर नाहीच. वापरलेला बोळा पाण्यात बुडवा आणि मगच कचऱ्यात टाका.

नमस्कार.