जांभळा की गुलाबी?

[अगदी जवळून : स्लाइडवर जांभळा रंग पडतो]

पुवात कुठले जिवाणू आहेत ते ओळखायचंय. हा रंग म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट. त्याच्याखाली पुवाचा एक थेंब आहे, पसरून वाळवलेला आणि ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून काचेवर पक्का केलेला. मिनिटभर थांबायचं आणि धुवायचं. मग आयोडीन. ते जांभळ्या रंगाला पेशीच्या आतच धरून ठेवतं.

आता हाताकडे बघा. अल्कोहोल थेंब थेंब सुटतंय आणि स्लाइडवरून जांभळं पाणी ओघळतंय. पाणी निवळलं रे निवळलं की लगेच नळाखाली! सगळा खेळ या काही सेकंदांचा. हात रेंगाळला तर ज्या जिवाणूंनी रंग राखायचा तेही फिके पडतात, घाई झाली तर सगळेच जांभळे. हे वाचून येत नाही, त्याला नजर बसावी लागते.

शेवटी लाल सॅफ्रॅनिन. रंग धुऊन गेलेले जिवाणू त्यानं गुलाबी होतात.

१८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्रॅम हा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये न्यूमोनियानं गेलेल्यांची फुप्फुसं तपासत होता. त्याला एवढंच हवं होतं, की पेशींच्या गर्दीत जंतू उठून दिसावेत. काही जंतू रंग धरत, काही सोडून देत. पद्धत अजून सदोष आहे, असं त्यानंच लिहून ठेवलं. तो दोष नव्हता. रंग धरणाऱ्यांची भिंत जाड असते, ते ग्रॅम-पॉझिटिव्ह. सोडणाऱ्यांची भिंत पातळ आणि तिच्यावर आणखी एक बाहेरचं आवरण, ते ग्रॅम-निगेटिव्ह. पुष्कळ औषधं या आवरणाशीच अडतात.

[सूक्ष्मदर्शकातून : १००० पट]

गोल दिसतो तो कॉकस, काडीसारखा तो बॅसिलस. इथं गोल आहेत, घोसाघोसानं. ग्रीकमध्ये द्राक्षांच्या घडाला स्टॅफिली म्हणतात, म्हणून स्टॅफिलोकॉकस. प्रत्येक ठिपका साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग. शेजारच्या त्या मोठ्या, तुकड्या-तुकड्यांचं केंद्रक असलेल्या पेशी आपल्या, पुवाच्या. एकीच्या पोटात जांभळे ठिपके दिसतात? तिनं गिळलेले. म्हणजे इथं झटापट चालू आहे, हा संसर्ग आहे. नाहीतर हेच जिवाणू कितीतरी जणांच्या नाकात, कातडीवर सुखानं नांदत असतात, काही न करता. जंतू सापडला म्हणजे आजार सापडला, असं नसतं.

ही दुसरी स्लाइड बेडक्याची म्हणून आली होती. चपट्या, फरशीसारख्या पेशीच पेशी. त्या गालाच्या आतल्या. आला तो बेडका नव्हे, थुंकी. नमुना परत.

[लूप, म्हणजे टोकाला कडी असलेली तार, ज्योतीत लाल होतो, निवतो, लाल प्लेटवर रेघा]

रक्त घातलेलं अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली. एका कोपऱ्यात नमुना, मग लूप तापवून त्यातूनच पुढच्या रेघा, पुन्हा तापवून आणखी पुढे. प्रत्येक फेरीत जिवाणू विरळ होत जातात, शेवटी एकेकटे पडतात. त्या एकाची जी वसाहत होते ती कॉलनी. चांगल्या परिस्थितीत ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. कागदावर मांडलं तर १० तासांत एकाचे शंभर कोटींवर.

ही जेली समुद्री शेवाळापासून काढतात. आधी जिलेटिन वापरत, ते ३७ अंशांवर वितळून जाई. अगार सुचवलं फॅनी हेसे यांनी, १८८१ च्या सुमारास, स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून. त्यांचे पती रॉबर्ट कॉख या जर्मन जंतुशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करत. जेली ज्यात ओततात त्या, १८८७ साली आलेल्या बशीला पेट्रीचं नाव मिळालं, जेलीला हेसेबाईंचं नाही.

इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबदार कपाटात, प्लेटा उलट्या ठेवल्यात, झाकणावरचं पाणी कॉलन्यांवर ठिबकू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उजेडासमोर धरली, की कॉलनीभोवती काचेसारखं वलय दिसतं. तिथल्या तांबड्या पेशी या जिवाणूनं फोडल्यात.

[पांढऱ्या टिकल्यांची प्लेट, वर मोजपट्टी]

प्रत्येक टिकलीत वेगळं अँटिबायोटिक. भोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि तक्त्याशी ताडायचं. मोठं वर्तुळ म्हणजे जास्त चांगलं औषध, असं मात्र नाही. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी. ही शेवटची टिकली बघा, जंतू थेट तिला खेटून वाढलेत. रिपोर्टवर तिच्यापुढे ‘आर’ लागेल, रेझिस्टंट, म्हणजे या जंतूवर हे औषध चालत नाही.

[इन्क्युबेटरचं दार, कोरी प्लेट]

आणि ही कोरी. हा नमुना अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी घेतला. पेशंट अत्यवस्थ असला तर औषध लांबवून चालत नाही, पण नमुना औषधाच्या आधी घ्यायला मिनिटंच लागतात. ४८ तास झाले. ताप आहे, रिपोर्ट ‘नो ग्रोथ’, काहीच उगवलं नाही.

प्रयोगशाळेतल्या बाई प्लेट उजेडाकडे तिरपी धरतात. पुन्हा एकदा बघतात. मग ती ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेच्या दाबानं जंतू मारणाऱ्या यंत्राच्या, पिशवीत जाते, १२१ अंशांना.