धारेमागचा अर्धा इंच
(हातानं सुरी घडवण्याच्या छंदावर ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. टेबलावर मांडलेल्या सुऱ्या तुम्ही आल्या आल्या पाहिल्यात, आणि बहुतेकांचे डोळे आधी मुठीकडे गेले. साहजिक आहे. शिसवीचं लाकूड, पितळी पिना, तेल मुरल्यावर आलेला रंग, हे कुणालाही ओढून घेतं. आज मात्र मला तुमची नजर पात्यावर आणायची आहे, त्यातही धारेच्या मागच्या साधारण अर्ध्या इंचावर. सुरी कापते की नुसती शोभते, याचा निकाल तिथे लागतो.

सुरी घडवायची म्हटलं की भट्टी, भाता, ऐरण आणि घण डोळ्यांसमोर येतात. घोडबंदर रोडवरच्या बाराव्या मजल्यावर हे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. तापवून, ठोकून आकार देणं ही एक वाट झाली. पोलादाची तयार पट्टी कापून, घासून आकार काढणं ही दुसरी. अमेरिकेतले बॉब लव्हलेस यांचं नाव या कलेत फार आदरानं घेतलं जातं, आणि त्यांची ख्याती या दुसऱ्या वाटेनं केलेल्या सुऱ्यांवर उभी आहे. तेव्हा घासून केलेली सुरी दुय्यम, हा समज मनातून काढून टाका. एक भक्कम व्हाइस, हॅकसॉ, दोन-तीन चांगल्या कानशी, ड्रिल आणि पॉलिश पेपर एवढ्यावर बाल्कनीत काम सुरू होतं. शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ तेवढी सांभाळायची.

पोलाद कोणतं घ्यायचं? पुष्कळजण ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून सुरुवात करतात. पहिल्या सुरीसाठी मी ते सुचवत नाही. वर्षानुवर्षं भार सोसलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, आणि तो नेमका कशाचा आहे हे ठाऊक नसेल तर तो किती तापवायचा हेही ठरवता येत नाही. त्यापेक्षा नाव माहीत असलेली पट्टी घ्या. एन-३१ हे बेअरिंगचं पोलाद आहे, त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात विचारा, किंवा तिथून माल आणणाऱ्या छोट्या दुकानदाराला गाठा. स्वयंपाकघरातल्या सुरीला २ ते ३ मिलिमीटर जाडी भरपूर होते. पट्टी मऊ अवस्थेतली आहे ना, हे आधी कानस मारून पाहा. कानस धरली तर ठीक, नुसतीच घसरली तर ती तुमचा घाम काढेल.

आकार कापून झाला की दोन्ही बाजूंनी उतार काढायचा, म्हणजे पातं धारेकडे पातळ होत जाईल असं घासायचं. इथे घाई नको आणि अतिउत्साहही नको. कडक करण्याआधी धारेच्या जागी अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडी राखावी लागते. आधीच कागदासारखी पातळ केलीत तर ताप आणि तेल यांच्या धक्क्यात ती वाकडी होते किंवा तडकते.

लोहार कोयत्याला पाणी पाजतो, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करतो. एन-३१ ला तेल पाजावं लागतं, पाण्यात बुडवलं तर तडा जायची धास्ती असते. हे पोलाद ८२० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून, त्या तापात थोडा वेळ धरून, कोमट तेलात बुडवतात. त्यानंतर ते इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर मोडू शकतं. म्हणून लगेच २०० अंशांच्या जवळपास दोन वेळा, दोन-दोन तास पुन्हा तापवायचं. थोडा कडकपणा सोडायचा आणि चिवटपणा मिळवायचा, असा हा व्यवहार आहे. फ्लॅटमध्ये गरम तेलाचा खेळ करू नका. वागळे इस्टेटमध्ये, पलीकडे रबाळे-महापे पट्ट्यात, डाय आणि गिअर हीट ट्रीटमेंट करून देणारे आहेत. त्यांच्या मोठ्या मालाबरोबर आपली चार पाती जातात का, असं विनंतीनं विचारावं. पोलादाचं नाव आणि किती कडक हवं ते कागदावर लिहून द्यावं. रॉकवेल हे कडकपणाचं माप, त्यात ६० म्हटलंत की त्यांना कळतं.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही पाती घडवणाऱ्यांची संघटना १९७६ साली स्थापन झाली. तिच्या परीक्षेत एकाच पात्यानं आधी १ इंच जाडीचा लोंबता दोर एका वारात तोडायचा. मग २ बाय ४ इंची लाकडी फळी दोनदा तोडायची. एवढं झाल्यावरही त्याच धारेनं हातावरचे केस उतरले पाहिजेत. शेवटी तेच पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवतात, आणि ते मोडता कामा नये. उमेदवाराच्या पाच सुऱ्यांची सफाई पारखी बघतात, ती त्यानंतर. हा क्रम मला मनापासून पटतो. आपल्या सुरीला फळ्या तोडायच्या नाहीत, पण आधी काम आणि मग रूप, हा हिशेब स्वयंपाकघरातही तोच आहे.

आता फिनिशिंग. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण आपण खाडीकाठी राहतो. जुलैच्या हवेत उघडं पोलाद रात्रीतून तांबूस होतं, आणि पाणी सगळ्यात आधी खोल ओरखड्यांत थांबतं. त्यामुळे ओरखडे काढणं ही पात्याची निगा आहे. पातं एका सपाट लाकडावर पकडा, धार त्याच्या बाहेर येऊ देऊ नका. कडक सपाट ठोकळ्याला १२० नंबरचा पेपर गुंडाळून आडवं घासा; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. मग २२० घ्या आणि दिशा तिरपी करा, म्हणजे आधीचे आडवे ओरखडे वेगळे उठून दिसतील. ते एकूण एक गेल्याशिवाय ४०० ला हात लावायचा नाही. ट्यूबलाइटखाली पातं हळूहळू कलतं करा. सरळ पाहिलं तर स्वच्छ वाटेल, कलतं केलं की मुठीजवळच्या कोपऱ्यात १२० ची एखादी रेघ चमकून जाते. ती ६०० च्या पेपरनं जात नाही, मागे यावंच लागतं. आणि शेवटचे हात मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेनं, न थांबता मारायचे. मध्येच थांबून उलट फिरलात तर गळाच्या आकाराचा बारीक ओरखडा उमटतो, आणि तो लपत नाही. बफिंग मशीनच्या फिरत्या कापडी चाकानं हे पटकन होतं खरं, पण ते चाक पातं हिसकावून अंगावर फेकतं. नवख्यानं त्याच्यापासून लांबच राहावं.

घासताना पातं तापू देऊ नका. मशीनवर काम करत असाल तर पाण्याचं भांडं शेजारी हवंच. धारेवर निळसर झाक आली की समजा तिथला कडकपणा गेला, आणि तो पॉलिशनं परत येत नाही.

धार लावायची ती दगडावर, प्रत्येक बाजूला साधारण १५ अंशांत. एका बाजूनं घासत गेलं की दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड, उठतो. अंगठा धारेपासून बाहेरच्या दिशेनं सरकवला की तो बोटाला लागतो. पूर्ण लांबीवर लागला की बाजू बदलायची, आणि शेवटी चामड्यावर, पाठ पुढे ठेवून, पातं ओढायचं. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर सुरी नुसती टेकवून ओढा. दाब द्यावा लागला तर धारेमागचा तो अर्धा इंच अजून जाड आहे. धार पुन्हा पुन्हा लावून ते सुटत नाही, उतारच पातळ करावा लागतो.

मुठीबद्दल थोडक्यात. लाकूड पुरतं वाळलेलं घ्या, नाहीतर पावसाळ्यात फुगून जोड उघडतात. शिसवीची धूळ काहींना बाधते, मास्क लावा. सांबरशिंगाचा मोह टाळा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याचा व्यापार चालत नाही. मापाचंही भान ठेवा. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी नसलेलं पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर ते शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं. भाजीची, मासळीची सुरी करा, ती रोज हातात राहते.

या पात्यांवर जो करडा-निळा रंग दिसतो तो कांदा, लिंबू आणि कैरीनं आणलेला आहे. तो खरवडून काढू नका, तो तांबेऱ्याला अडवतो. कैरीच्या फोडी मात्र नव्या पात्यानं काळवंडतात, म्हणून लोणच्यासाठी वेगळी सुरी ठेवा. धुतल्यावर लगेच पुसायची, आणि ठेवून द्यायची असेल तर खोबरेलाचं बोट फिरवायचं. आता टेबलापाशी या. टोमॅटो आणि पाट मांडलेला आहे. सुरी उचलाल ती मुठीला धरून, आणि कापायच्या आधी पातं जरा दिव्याखाली कलतं करून बघा.