आरशातलं घड्याळ, कॅलेंडर आणि सीएसएस सिलेक्टर

घरात स्मार्ट आरसा (काचेमागे स्क्रीन असलेला आरसा) लावला त्या दिवशी आई म्हणाली, "घड्याळ मोठं कर रे, चष्म्याशिवाय दिसत नाही." मी कस्टम सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप ठरवणारे आपले नियम लिहायची, फाइल उघडली, 'डॉट टाइम' असा सिलेक्टर, म्हणजे नियम कुणाला लागू करायचा ते सांगणारी खूण, लिहिला आणि अक्षरांना १२० पिक्सेल दिले. घड्याळ मोठं झालं. पण त्याखालच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक नोंदीपुढची वेळही तेवढीच मोठी झाली आणि नोंदी काचेबाहेर गेल्या. कारण 'टाइम' हा क्लास, म्हणजे पानावरच्या भागांना दिलेलं नाव (सिलेक्टरमध्ये त्याच्याआधी डॉट लागतो), घड्याळातही आहे आणि कॅलेंडरमध्येही. मी फक्त 'टाइम' म्हटलं, तर दोघांनीही ओ दिली.

आपण बोलतोय ते मॅजिक मिररबद्दल. नेदरलँड्सच्या मायकेल तेऊ यांनी २०१४ साली पहिला आरसा केला आणि २०१६ मध्ये त्याची मॉड्यूलवर, म्हणजे घड्याळ, कॅलेंडर अशा सुट्या भागांवर, उभी असलेली दुसरी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा हा आरसा म्हणजे आतून एक वेब पान आहे. म्हणून तर सीएसएस.

प्रत्येक मॉड्यूल ही एक पेटी. पेटीला 'मॉड्यूल' हा क्लास असतो आणि मॉड्यूलचं स्वतःचं नावही क्लास म्हणून असतं: क्लॉक, कॅलेंडर, कॉम्प्लिमेंट्स. तेव्हा मला लिहायचं होतं ते 'डॉट क्लॉक, स्पेस, डॉट टाइम'. क्लॉकच्या पेटीच्या आत असलेला टाइम, एवढाच त्याचा अर्थ.

मधली ती स्पेस नीट बघा, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. स्पेस असेल तर 'याच्या आत ते'. स्पेस नसेल तर 'ही दोन्ही नावं एकाच पेटीवर'. 'डॉट क्लॉक डॉट टाइम' हे सलग लिहिलंत, तर अशी पेटीच सापडत नाही आणि काहीच बदलत नाही. सीएसएस चूक दाखवत नाही, गप्प बसतं.

सलग लिहिण्याचाही उपयोग आहे. आमच्याकडे दोन कॅलेंडर आहेत, एक घराचं, एक शाळेच्या सुट्ट्यांचं. दोघांचा क्लास एकच. पेटीला आयडी, म्हणजे फक्त तिचीच अशी ओळख, हीही असते, पण त्यात मॉड्यूलचा क्रमांक गुंफलेला असतो. कॉन्फिगमध्ये, म्हणजे मॉड्यूलची यादी असलेल्या फाइलमध्ये, वर एक नवं मॉड्यूल घातलंत की क्रमांक सरकतो आणि तुमचा नियम भलत्याला लागतो किंवा कुणालाच लागत नाही. त्यापेक्षा कॉन्फिगमध्ये त्या मॉड्यूलला 'क्लासेस' म्हणून आपलं नाव द्या. मी 'शाळा' दिलंय. हो, देवनागरीत, सीएसएसला ते चालतं. मग 'डॉट कॅलेंडर डॉट शाळा', मध्ये स्पेस नाही. रंग देताना मात्र जपून. काळा भाग आरसा होतो, त्यामुळे पेटीला दुसरी पार्श्वभूमी दिलीत की तेवढा आरसा गेला.

आता आपल्या भाषेचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॉम्प्लिमेंट्स या कौतुकाची वाक्यं दाखवणाऱ्या मॉड्यूलमध्ये मी मराठी वाक्यं घातली: "आज फार प्रसन्न दिसतेस." अक्षरं एकमेकांवर चढली. त्या मॉड्यूलच्या मजकुराला 'एक्सलार्ज' हा क्लास असतो आणि मूळ फाइलमध्ये त्याचं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, उणे ३ पिक्सेल आहे, लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १. रोमन अक्षरांना ते शोभतं. आपली शिरोरेषा मात्र एकात एक घुसते, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

उपाय दोन ओळींचा. 'डॉट कॉम्प्लिमेंट्स, स्पेस, डॉट एक्सलार्ज' या सिलेक्टरला लेटर-स्पेसिंग शून्य आणि लाइन-हाइट १.५ द्या. इथे 'इम्पॉर्टंट', म्हणजे नियम जबरदस्तीने लावणारा शब्द, लिहू नका. मूळ नियमात एकच क्लास आहे, तुमच्यात दोन, त्यामुळे तुमचाच नियम लागतो. घड्याळाच्या अंकांचं लेटर-स्पेसिंग जसं होतं तसंच राहतं.