आधी कीर्द, मग खतावणी

नंदुरबारची बाजार समिती. मिरचीचा हंगाम भरात आहे. ओल्या लाल मिरचीच्या गाड्या काट्यासमोर रांगेत उभ्या आहेत. इथला ठसका कॅमेऱ्यात येत नाही, पण उभ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं.

एक गाडी काट्यावर चढते. वजन संगणकात जातं, पावती हातात येते. आणि तेवढ्यात आरोळी उठते, "लाइट गयी रे भो!"

संगणक बंद. शेतकरी पावतीकडे बघतो. आत नोंद राहिली असेल का? त्याची काळजी रास्तच आहे, त्या एका ओळीत त्याची वर्षभराची मेहनत आहे.

जुन्या पेढीवरचे दिवाणजी काय करायचे, आठवा. व्यवहार झाला की आधी कीर्दीत, आला तसा, एकाखाली एक. ज्याच्या-त्याच्या खात्याचं पान उघडून खतावणी करायची ती मागाहून, सवडीनं.

संगणकातल्या नोंदी सांभाळणारी प्रणाली, म्हणजे डेटाबेस, नेमकं हेच करतो. त्याच्या कीर्दीला लॉग म्हणतात. व्यवहार आधी लॉगच्या शेवटी लिहिला जातो, डिस्कवर उतरतो आणि मगच 'झालं' असा निरोप येतो. पावती छापायची ती त्यानंतर. ती ओळ ज्या पानावर, म्हणजे डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यावर राहते, ते पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सहसा ८ केबीचं, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत १६ केबीचं. ते तेव्हा फक्त मेमरीत बदललेलं असतं. डिस्कभर विखुरलेली पानं दर वेळी शोधून लिहिण्यापेक्षा एका जागी लिहीत जाणं कितीतरी स्वस्त पडतं.

लाइट आली की डेटाबेस लॉग वाचू लागतो. पूर्ण झालेले व्यवहार पानांवर पुन्हा चढवतो. अडत्याच्या खात्यातून पैसे वजा झाले, पण शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हायचे राहिले, तर तो अख्खा व्यवहार धरलाच जात नाही. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९९२ साली 'एरीस' ही यासाठीची पद्धत सविस्तर मांडली. कित्येक डेटाबेस आजही तिच्याच वाटेनं सावरतात.

एक धोका मात्र उरतो. काही डिस्क मजकूर स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवूनच 'लिहिलं' म्हणून मोकळ्या होतात. वीज गेली की तो मजकूरही गेला. काट्याच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला तो धुळकट यूपीएस म्हणूनच चालू हवा.

लाइट आली. पावती क्रमांक टाकला. ओळ जागेवर आहे.