46 डॉलरचं एक युनिट

(दृश्य: सकाळचे साडेसात. स्टीलचं लांब टेबल, पांढऱ्या कोटातले हात, तराजूवर अख्खी कोंबडी.)

निवेदन:
आधी वजन, मग सुरी. तंगड्या एकीकडे, छातीचे तुकडे दुसरीकडे, हाडं तिसरीकडे. मग प्रत्येक ढीग पुन्हा तराजूवर. पाच पौंडांची कोंबडी आणली, पण शिजून ताटात पोचतं ते निम्म्याच्या आसपास. म्हणजे मांसाचा खरा भाव दुकानातल्या पाटीच्या जवळजवळ दुप्पट. कोंबडी कापायची कशी ते मोबाइलवर बघूनही जमतं. हा हिशेब रोज, न कंटाळता, वहीत मांडायला मात्र कुणीतरी मानेवर बसावं लागतं.

(दृश्य: धुकं, उतारावरचा रस्ता, कॉलेजची इमारत.)

हे सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को. 1935 साली सुरू झालेलं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्या देणारं स्वस्त सरकारी कॉलेज. हॉटेल-रेस्टॉरंटचं शिक्षण इथे पुढच्याच वर्षापासून आहे. प्रश्न एवढाच, हे शिक्षण परवडतं का?

इथे अभ्यासक्रम युनिटांत मोजतात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटची फी 46 डॉलर. 2012 पासून हा आकडा हललेला नाही. दोन वर्षांच्या पदवीला साधारण 60 युनिटं, म्हणजे 2,760 डॉलर. त्यात हा विद्यार्थी सॅन फ्रान्सिस्कोचाच असेल तर 2017 पासून शहरच त्याची ही फी भरतं.

मग महाग काय आहे? या शहरातलं खोलीभाडं. सुऱ्यांचा संच, न घसरणारे बूट, पांढरे कोट. आणि सगळ्यात महाग म्हणजे दोन वर्षांचे ते तास, जे कुठेतरी राबून पगारात बदलता आले असते.

(दृश्य: फास्टफूडचं काउंटर. टोपलीत तळले जाणारे बटाटे.)

आता कमाई बघू, आणि इथेच गंमत आहे. 1 एप्रिल 2024 पासून कॅलिफोर्नियात मोठ्या फास्टफूड साखळ्यांमध्ये तासाला किमान 20 डॉलर द्यावे लागतात. आठवड्याचे 40 तास भरले की वर्षाला 41,600. बटाटे तळायला पदवी कुणी विचारत नाही. दोन वर्षं शिकून चांगल्या रेस्टॉरंटच्या भट्टीशी उभा राहिलेला पोरगा सुरुवातीला याच्या आसपासच असतो. शिवाय त्याचं ताट बाहेर घेऊन जाणाऱ्या वेटरला पूर्ण किमान वेतन आणि वर टिप. चुलीपेक्षा दाराशी पैसा जास्त.

हेड शेफ झालात तर? सरकारी आकडेवारीनुसार मे 2024 मध्ये शेफ आणि मुख्य आचाऱ्यांचं मध्यक वेतन (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) वर्षाला 60,990 डॉलर होतं, अख्ख्या अमेरिकेचं. त्याच सरकारी तक्त्यात पात्रता बघा: शाळा पूर्ण केलेली असावी आणि पाच किंवा अधिक वर्षांचा अनुभव. पदवीचं नाव नाही.

म्हणून अर्धे विषय करून, हातात सर्टिफिकेट घेऊन निघून जाणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. पदवीसाठी लागणारी इंग्रजी आणि गणिताची युनिटं भट्टीवर कुणी मागत नाही. ती मागतात हॉस्पिटलात, विद्यापीठांच्या मेसमध्ये, मोठ्या कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये. तिथे अर्जात शिक्षणाचा रकाना असतो, कामाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि आरोग्य विमा असतो. विम्याची किंमत या शहराला ठाऊक आहे. 2024 मध्ये इथले हॉटेल कामगार महिनोन्‌महिने संपावर होते, तेव्हा त्यांची मुख्य मागणी तीच होती.

(दृश्य: जुन्या इमारतीचा दर्शनी भाग.)

याच शहरात कॅलिफोर्निया कलिनरी अकॅडमी नावाची खासगी पाकशाळा होती. फी 40,000 डॉलरच्या वर. हातात पडणाऱ्या पगारातून कर्ज फिटेना, म्हणून विद्यार्थी कोर्टात गेले. 2011 मध्ये चालक कंपनीने 4 कोटी डॉलरवर तडजोड केली. पुढे शाळाही बंद पडली. तिथेही कोंबडी अशीच कापत होते. फरक होता तो डोक्यावरच्या कर्जाचा.

पुण्या-नाशिकहून इथे यायचा विचार करणाऱ्यांनी 46 डॉलरवर भुलू नये. तो दर रहिवाशांचा. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला युनिटमागे त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. शिकत असताना बाहेरच्या रेस्टॉरंटमध्ये मन मानेल तसं काम करता येत नाही, म्हणजे कमवा-शिकाचा मार्गही अरुंद. तेवढ्या पैशांत आपल्याकडे एखादी छोटी खाणावळ उभी राहील. पहिल्या वर्षी तोट्यात जाईल, पण ती तुमची असेल.

(दृश्य: हाडं मोठ्या पातेल्यात. कांदा, गाजर, सेलरी. वर थंड पाणी.)

हाडांची किंमतही वहीत लिहायची असते, कारण त्यांचा स्टॉक, म्हणजे सूप-रश्शासाठीचा अर्क, निघतो. एक वाजता वर्ग सुटतो. वही बॅगेत, सुऱ्या गुंडाळीत. तीन वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाला शिफ्ट सुरू. बसमध्ये झोपायला चाळीस मिनिटं मिळतात.