पिशवीतली मुळं

(साताऱ्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय दिलाय झाडांचं शरीरक्रियाशास्त्र आणि वनव्यवस्थापन. पण आधी तुम्हाला माण तालुक्यातल्या एका माळावर नेतो.

तिथं एका संस्थेनं जांभळं लावली होती. खड्डे, फलक, फोटो, सगळं झालं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात मी गेलो तर ओळीच्या ओळी वाळलेल्या. एक रोप टिकावानं उकरलं. मुळं चुंबळीसारखी गोल गुंडाळलेली, काळ्या पिशवीची चिंधी अजून बुडाला चिकटलेली. दोन पावसाळे होऊनही वीतभर मूळ मुरमात उतरलेलं नव्हतं. मेंढरं राखणाऱ्या एक आजी बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "लेकरा, जांभूळ वढ्याला असतंय. माळाला कशापायी आणलंसा?" रोपं आणण्याआधी त्यांना कुणी विचारलंच नाही, याचा मला आजही राग येतो.

आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो, माणला पाचशेच्या आसपास. महाबळेश्वरच्या जांभूळ-अंजनीच्या जंगलाचं कौतुक मलाही आहे. पण ती झाडं ज्या पाण्यावर जगतात, ते या माळावर कुठून आणायचं?

झाडाला पंप नसतो, मंडळी. पानांच्या रंध्रांतून वाफ जाते आणि तिच्या ओढीनं खोडातल्या केसाएवढ्या नळ्यांतून पाणी वर चढतं. डिक्सन आणि जोली या आयरिश शास्त्रज्ञांनी हे १८९४ मध्ये मांडलं. पाण्याचा तो धागा सतत ताणलेला असतो. जमीन सुकली की ताण वाढतो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि धागा तुटतो. रंध्रं मिटून घेतली तर पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, अन्न बनत नाही. तहान की भूक, असा पेच! सालई पानं झाडून मोकळी होते. बाभूळ आधी खोल मूळ सोडते. पळस तर पावसाची वाट न बघता भर उन्हाळ्यात पालवतो. कधीतरी एप्रिलमध्ये त्याच्यापाशी थांबून बघा, कोवळ्या पानाला हात लावून बघा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. व्यवस्थापनाचं भरभर सांगतो.

झाड निवडताना पाऊस, मातीची खोली आणि मुळाची सवय बघा. पिशवी पूर्ण काढा, गुंडाळलेली मुळं मोकळी करा. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच करा, म्हणजे मुळाला वेळ मिळतो. रोपाभोवतीचं गवत काढा, तेही त्याच ओलीवर जगतं. दाट रोपवनात विरळणी करा, उरलेल्यांच्या वाट्याला पाणी येतं. पहाटे झाडातल्या पाण्याचा ताण मातीतल्या ताणाच्या बरोबरीला आलेला असतो. तेव्हा तोडलेलं पान दाबयंत्रात, म्हणजे दाब देऊन हा ताण मोजणाऱ्या यंत्रात, घातलं की तहान आकड्यात कळते, पाणी कुणाला द्यायचं ते ठरवता येतं.

आणि बाभळीच्या सावलीत पाखरांनी टाकलेल्या बियांतून बोर, कडुनिंब उगवलेले दिसले, तर तिथं खड्डे काढू नका. काटेरी कुंपण घाला, दोन-तीन वर्षं चराई थांबवा.

विचारा आता. मागच्या रांगेतल्या काकांचा हात केव्हाचा वर आहे.